पाहुणा चौलला पोहोचला, पण आता फिरणार कसा? स्कूटर भाड्याने देण्याचा धंदा, आकड्यांसकट

व्हिडिओत आपण अलिबाग-चौल पट्ट्यातल्या पर्यटकाच्या फिरण्यावर बोललो. बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच आयडिया असते: "पाच स्कूटर घेतो आणि भाड्याने देतो." आयडिया चुकीची नाही. पण कर्ज काढण्याआधी वही-पेन घेऊन बसा. आजचा धडा तेवढ्यासाठीच आहे.

१. आधी गिऱ्हाइकाचा प्रवास कागदावर काढा

मुंबईचा पाहुणा आपल्याकडे येतो कसा? गेटवेहून लाँच किंवा कॅटमरान पकडून मांडव्याला उतरतो. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पण आहे, तिच्यात तो स्वतःची गाडी घालून आणतो. बाकीचे लोक पेण-वडखळमार्गे रस्त्याने येतात.

म्हणजे गिऱ्हाईक दोन प्रकारचं झालं. एक गाडीवाला आणि एक बिनगाडीवाला. गाडीवाल्याला तुमची स्कूटर नको असते. बिनगाडीवाला मांडव्याहून अलिबाग स्टँडपर्यंत बसने आरामात येतो. पुढे नागाव, चौल, रेवदंडा करायला एसटी आहे, मिनिडोर आहे, रिक्षा आहे. एसटी आणि मिनिडोर मुख्य रस्त्याने जातात. पण पाहुण्याला जायचं असतं रामेश्वर मंदिरात, दत्ताच्या डोंगरावर, रेवदंड्याच्या किल्ल्यात आणि साळावचा पूल ओलांडून कोर्लईला. ही ठिकाणं एका ओळीत नाहीत. मधल्या दोन-चार किलोमीटरला तो अडकतो. गिऱ्हाईक जिथे अडकतं, तिथेच धंदा असतो.

२. कायदा: पांढरी नंबर प्लेट आणि भाडं एकत्र चालत नाही

"घरची ॲक्टिव्हा आहे, देतो पाचशेला." हे बंद करा. दुचाकी भाड्याने द्यायला केंद्राची १९९७ ची रेंट-अ-मोटरसायकल योजना आहे. तिच्यात लायसन्स लागतं आणि त्यासाठी किमान पाच गाड्या लागतात. गोव्यात भाड्याच्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसतात ना? ती पाटी म्हणजे ही गाडी भाड्याची म्हणून नोंदलेली आहे. आपल्या जिल्ह्याचं आरटीओ पेणला. गाडी बुक करण्याआधी तिथे जाऊन अटी आणि फी लेखी घ्या.

यात खरा धोका दंडाचा नाही, इन्शुरन्सचा आहे. खाजगी पॉलिसी असलेली गाडी भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर कंपनी हात वर करू शकते. मग नुकसानभरपाई कुणाच्या घरातून जाणार? तुमच्या. एका अपघातात दुकान आणि वाडी दोन्ही जाऊ शकतात.

३. आता आकडे

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे स्वतःचे घाला.

- पाच स्कूटर, सगळं धरून प्रत्येकी ९०,००० = ४,५०,०००
- स्वतःचे १,५०,०००, कर्ज ३,००,०००
- हप्ता (३ वर्षं, १२ टक्के): महिना साधारण १०,०००
- इन्शुरन्स आणि मेंटेनन्स: महिना ५,०००
- जागा, हेल्मेट, धुणं, मदतनीस: महिना ५,०००
- एकूण खर्च महिना २०,०००, म्हणजे वर्षाला २,४०,०००

भाडं दिवसाला ५०० धरा, पेट्रोल गिऱ्हाइकाचं. २,४०,००० भागिले ५०० म्हणजे वर्षाला ४८० भाडी. एक गाडी एक दिवस गेली की एक भाडं.

इथे बहुतेक जण फसतात. ते म्हणतात, "महिन्याला ४० भाडी, म्हणजे शनिवार-रविवार फुल्ल गेले की झालं." पण पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद असते, आणि पावसात स्कूटर कोण घेतो? ते चार महिने शून्य धरा. बँकेचा हप्ता मात्र जुलैमध्येही येतो. म्हणून ४८० भाडी आठ महिन्यांत बसवायची, म्हणजे महिन्याला ६०. शनिवार-रविवार (आठ दिवस गुणिले पाच गाड्या) ४० देतात. उरलेली २० सोमवार ते शुक्रवारमधून आणावी लागतील.

आणि यात तुमचा पगार धरलेलाच नाही! महिना १५,००० धरला तर वर्षाचे १,८०,००० वाढले. आता भाडी झाली ८४०, म्हणजे आठ महिन्यांत महिन्याला १०५. पाच गाड्यांची कमाल १५०. म्हणजे रोज सरासरी साडेतीन गाड्या बाहेर असायला हव्यात, मंगळवारीसुद्धा.

माझं स्पष्ट मत: फक्त स्कूटरवर घर चालवायचं ठरवत असाल तर थांबा. पण आधीच होमस्टे, खानावळ किंवा दुकान असेल तर जोडधंदा म्हणून विचार करा. जागा आहे, माणूस आहे, गिऱ्हाईक दारात आहे.

४. भांडवल नसेल तर?

मग गाडी विकत घेऊ नका, नियोजन विका. गावातल्या दोन-तीन रिक्षावाल्यांबरोबर बसा. "अर्धा दिवस चौल-रेवदंडा-कोर्लई" असा एक ठरलेला दर लिहून काढा. पाहुण्याला घासाघीस नको असते, त्याला आकडा आधी कळायला हवा असतो. रिक्षावाल्याला सलग चार-पाच तासांचं भाडं मिळतं, तुम्हाला ठरलेलं कमिशन. शिवाय रिक्षावाले तुमचे विरोधक न होता भागीदार होतात. छोट्या गावात हे फार महत्त्वाचं आहे.

आणि आपल्याकडे आहे ती माहिती वापरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हे आपल्या आजोबांना पाठ होतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास, ओहोटी बाराच्या सुमारास. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. पाहुण्याला आदल्या रात्री सांगा, "उद्या किल्ला दुपारी, चौल सकाळी." मात्र हा अंदाजच आहे. पाण्यात पाय टाकण्याआधी त्या दिवशीची वेळ किनाऱ्यावर विचारायलाच सांगा. कोर्लईत आजही पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात, हेही सांगा. अशा गोष्टींमुळे पाहुणा पुढच्या वेळी तुम्हालाच फोन करतो.

गृहपाठ

१. एक शनिवार आणि एक मंगळवार, दोन्ही दिवस अलिबाग स्टँडवर दोन-दोन तास उभे राहा. बॅगवाले किती उतरले आणि पुढे कशाने गेले, मोजा.
२. पाच होमस्टेवाल्यांना विचारा: तुमच्याकडे बिनगाडीचे पाहुणे आठवड्याला किती?
३. वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी पुन्हा करा, पावसाळा शून्य धरून.

मंगळवारचा आकडा शनिवारच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे. शनिवार सगळ्यांचाच चालतो. हप्ता मंगळवारच्या भाड्यातून फिटतो.