निवृत्तीआधी घर हलके करा

आमच्या ओळखीच्या एका काकूंचा खुबा मोडला, तो रस्त्यावर नाही, स्वतःच्या घरात. काका रेल्वेतून निवृत्त झाले, क्वार्टर सोडावे लागले आणि तिथले सगळे सामान वस्तीतल्या दोन खोल्यांत येऊन पडले. खाटेखाली पेट्या, दाराशी जुना कूलर, सज्ज्यावर बोरे. रात्री संडासला उठलेल्या काकू अंधारात पेटीला अडखळल्या. उतारवयात खुबा मोडला की माणूस महिनोन्महिने अंथरुणावर राहतो आणि घरातल्या सुनेची किंवा मुलीची मजुरी बुडते.

आपल्यातल्या पुष्कळांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत 1 जून लिहून टाकली. त्यामुळे निवृत्ती येते 31 मेला. तेव्हा वर्ध्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि पाठोपाठ पाऊस येतो. अशा वेळी साठीतल्या माणसाने घाईने सामान उपसू नये. निवृत्तीच्या आदल्या अश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपताना, सुरुवात करा. वैशाख पौर्णिमेपर्यंत आठ पौर्णिमा मिळतात. विहारात जाण्याच्या आदल्या दिवशी घराचा एकच कोपरा आवरा.

पहिली पौर्णिमा वाटेची. खाटेपासून संडासापर्यंतची वाट मोकळी करा. पायात येणारी पेटी, वायर, फाटकी चटई काढा. रात्री एक लहान बल्ब चालू ठेवा.

दुसरी खाटेखालची आणि सांदवाडीची. कवेलू, काड्या, गोणपाट यांच्या ढिगात विंचू राहतो. धान्याच्या बोऱ्यांमागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. तेव्हा फारसे दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखान्यात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्या. झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचा.

तिसरी पाण्याची. जुने टायर, फुटके माठ, बंद कूलर यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून कूलर नुसता रिकामा करू नका, आतून घासून पुसा. चालत नसेल तर भंगारात द्या.

चौथी औषधांची. मुदत संपलेल्या गोळ्या आणि उरलेल्या बाटल्या काढा. शेजारणीच्या शुगरची किंवा बीपीची गोळी घेऊ नका, आपली तिला देऊ नका. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल किंवा पाणी भरू नका.

उरलेल्या चार पौर्णिमा कागदांच्या. इथे घाई अजिबात नको. काकूंच्या घरी मुलाने एक पेटी किलोच्या भावाने रद्दीत दिली. त्यात काकांच्या वडिलांचा शाळेचा दाखला होता. पुढे नातीच्या जात पडताळणीला तोच कागद हवा होता. आपल्याला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण त्या मिळवायला आजोबांचा पिवळा पडलेला दाखलाच उपयोगी येतो. असा कागद, पेन्शनची ऑर्डर, वारसाची नोंद, घराची पावती एका पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि पेटी कुठे आहे ते दोघांना सांगा. जुनी मासिके, धम्म परिषदांची पत्रके, मोर्चाचे फोटो विहाराच्या वाचनालयात द्या. तो आपला इतिहास आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ज्याची वस्तू त्यानेच ठरवावे. आईने निंदणाच्या मजुरीतून घेतलेला पितळेचा गुंड तिच्यामागे विकू नका. दुसरी, दान द्यायची वस्तू धड असावी. आपल्या आज्यांनी दुसऱ्यांची उतरलेली लुगडी नेसली, शिळे तुकडे खाल्ले. फाटके लुगडे देणे म्हणजे दान नव्हे, ते पोतेऱ्याला वापरा.

घर रिकामे करणे आपल्याला नवे नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेऊन परतलेल्या किती तरी माणसांनी घरातले देव्हारे काढले, पिढ्यान्‌पिढ्यांचे देव नदीत सोडले. त्यांना तेव्हा भीती वाटली नसेल असे नाही. त्यांनी तेवढे सोडले, मग आपल्याला बंद पडलेला कूलर का सुटू नये?

या पौर्णिमेचा अभ्यास: आज रात्री दिवा न लावता खाटेपासून दारापर्यंतची वाट आठवून पाहा. पायाला काय काय लागेल ते मोजा आणि उद्या सकाळी त्यातली एक वस्तू हलवा.

जय भीम.