पिनांगला उतरण्याआधी

चि. सई हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं वेळापत्रक मिळालं. निखिलरावांनी मेहनत घेतली आहे, ते दिसतंच. पिनांगला बोट सकाळी लागणार, संध्याकाळी सुटणार, आणि मधल्या वेळात पिनांग हिल, केक लोक सी देऊळ, किल्ला, लिटल इंडिया, भिंतीवरची चित्रं, चौरस्ता बाजार आणि शेवटी चेंडोल. सगळ्यांपुढे मिनिटं मांडली आहेत. अबीरला मध्येच शू लागेल, त्याची मिनिटं मात्र कुठे दिसली नाहीत. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचीही नाहीत.

मराठी मंडळींचे ग्रुप घेऊन सिंगापूरच्या क्रूझवर जाण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून हक्काने लिहिते. बंदरातला दिवस वाया जातो तो पैसे वसूल करण्याच्या नादात. एवढा खर्च करून आलोय, आता काही सुटायला नको, असं घरातला एक जण म्हणतो आणि बाकीचे त्याच्यामागे धावत सुटतात. तुमच्याकडे तो एक जण कोण, हे मी लिहीत नाही.

आधी वेळेचा हिशेब नीट कर. बोट नऊला लागली म्हणजे नऊला आपण रस्त्यावर, असं होत नाही. बंदराच्या लोकांची कागदपत्रं तपासून व्हायची असतात, मग घोषणा होते, मग दोन-तीन हजार माणसं एकदम लिफ्टपाशी जमतात. गँगवेवर प्रत्येकाचं कार्ड स्कॅन होतं, खाली पुन्हा तपासणी. परतताना सगळ्यांनी बोटीवर असण्याची वेळ सुटण्याच्या बरीच आधी असते. ती आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर छापलेली असते. त्याच कागदावर बंदरातल्या एजंटचा नंबरही असतो. त्याचा फोटो तुझ्या आणि निखिलरावांच्या, दोघांच्याही फोनमध्ये हवा. थोडक्यात, कागदावरचे नऊ तास हातात येतात तेव्हा सहाच उरतात.

आणि बोट तुमच्यासाठी थांबत नाही. पायलट आणि टग ठरलेल्या वेळेला येतात, धक्क्यावर दुसरं जहाज यायचं असतं, पुढच्या बंदरातली जागाही वेळेवर बांधलेली असते. बोटीच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर कॅप्टन वाट पाहतो. तुम्ही केलेली टॅक्सी अडकली तर पुढच्या बंदरापर्यंत तुमचं तुम्ही यायचं, तेही स्वतःच्या खर्चाने.

आमच्या एका ग्रुपमधलं कुटुंब असंच ऐन वेळी आलं. चॉकलेटच्या दुकानात रांग होती म्हणे. गँगवे काढायची तयारी चाललेली, ही पाच जणं धक्क्यावरून पळत येतायत, आणि मुलगा लांबूनच हात हलवत हसतोय. पोहोचली. पण त्याची आई आत आली ती दारापाशीच, कार्ड तपासायच्या यंत्राशेजारी, जमिनीवर बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंडातून शब्द नाही. एका फिलिपिनो पोराने थंड रुमाल आणून तिच्या मानेवर ठेवला. मुलगा तोवर बोट कशी थोडक्यात मिळाली ते लोकांना रंगवून सांगत होता. पुढच्या बंदरात त्या बाई उतरल्याच नाहीत. मला म्हणाल्या, "मी गेले की सगळ्यांचा खोळंबा होतो."

हे वाक्य तुझ्या सासूबाईंच्या तोंडी येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

तेव्हा पिनांग हिल आणि केक लोक सी दोन्ही काढून टाक. जागा उत्तम आहेत. टेकडीवर शंभरेक वर्षांपासून फ्युनिक्युलर रेल्वे जाते, वर हवा थंड असते. पण दोन्ही गावाबाहेर एअर इताम बाजूला आहेत. रस्त्यात ट्रॅफिक, वर जायला रांग, खाली यायला रांग. सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस तिथेच जातो. ज्यांना टेकडी बघायची त्यांनी पिनांगला दोन रात्री मुक्कामाला यावं. बोटीवरून उतरणाऱ्याचं नशीब वेगळं आहे: स्वेटनहॅम पिअर हा धक्का जॉर्ज टाउनच्या अगदी तोंडाशी आहे. बंदराच्या फाटकातून बाहेर पडलं की समोर घड्याळाचा मनोरा. आणि २००८ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं गाव चालत बघता येतं. असं बंदर वाट्याला आलं असताना टॅक्सी करून गावाबाहेर पळणं मला तरी पटत नाही.

मनोऱ्यापाशी फार रेंगाळू नका, पण मुलांना एवढं सांग की तो ६० फूट उंच आहे, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या प्रत्येक वर्षाचा एक फूट. १८९७ साली तिची साठ वर्षं भरली म्हणून एका चिनी धनिकाने तो बांधायला घेतला. पुरा झाला १९०२ साली, तेव्हा राणी वारलेली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बने तो जरासा कललाय. कुठल्या बाजूला, ते अबीरला शोधू दे, म्हणजे तुम्हाला पाच मिनिटं शांतता मिळेल.

शेजारीच फोर्ट कॉर्नवॉलिस. रायगड चढून आलेली तुझी मुलं "किल्ला कुठाय?" असं विचारणार, कारण तट जेमतेम दीड माणूस उंच आहे. इथे कधी लढाईही झाली नाही. पण गोष्टी आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइट नावाच्या माणसाने १७८६ साली हे बेट ताब्यात घेतलं. जंगल तोडायला माणसं तयार होईनात, तेव्हा त्याने तोफेत चांदीची नाणी भरून झाडीत उडवली, मग सगळे कोयते घेऊन धावले, अशी दंतकथा आहे. खरं-खोटं लाइटलाच ठाऊक. तटावर सेरी रामबाई नावाची १६०३ सालची डच तोफ आहे. मूल व्हावं म्हणून बायका तिच्या तोंडात फुलं ठेवत. कॉर्नवॉलिस तोच, ज्याची कायमधारा पद्धत आपण शाळेत घोकली.

ओवीला तटावरून समुद्रापलीकडचा किनारा दाखव. १८०० साली कंपनीने तो घेतला आणि गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीचं नाव दिलं. त्याचा धाकटा भाऊ आर्थर हा अर्ध्यात सोडलेल्या मनिला मोहिमेच्या निमित्ताने १७९७ साली याच बेटावर येऊन गेला होता. आणि सहा वर्षांनी, १८०३ मध्ये, जालन्याजवळ असईला तो शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता. तुझे पणजोबा त्याच भागातले. ओवीला इतिहासाचा कंटाळा आहे असं तू म्हणतेस, पण नकाशा डोळ्यांसमोर असला की मुलांचा कंटाळा जातो, हे मी कितीदा पाहिलंय.

तिथून पुढे एकच रस्ता धरा: जालान मस्जिद कपितान केलिंग. १८१८ साली पुरं झालेलं सेंट जॉर्ज चर्च (त्याच्या बांधकामावर कंपनीने कैदी राबवले होते), मग चिनी लोकांचं करुणादेवीचं देऊळ, त्यात उदबत्तीचा धूर इतका की डोळे झोंबतात, मग मागच्या गल्लीत तोंड असलेलं १८३३ सालचं महामारिअम्मन मंदिर, आणि पुढे कपितान केलिंग मशीद. सगळी आत जाऊन बघायची नाहीत. सासूबाईंना मारिअम्मनच्या देवळात बसू दे; तिथे त्यांना कुणी काही समजावून सांगायला नको.

त्या रस्त्यांवर दुकानांपुढे छप्पर असलेले पदपथ आहेत, फाइव्ह फूट वे म्हणतात त्यांना. ऊन-पावसाची सोय झाली असं वाटतं. पण प्रत्येक दुकानदाराची ओटी वेगळ्या उंचीची: एक पायरी वर, दोन खाली, मध्येच कुणाची मोटरसायकल आडवी, की उन्हात उतरा आणि पुन्हा चढा. तरण्या माणसाला हे जाणवतही नाही. गुडघेदुखी असलेल्या माणसाला शंभर पावलांत दम लागतो. म्हणून तू पुढे चालू नकोस. सासूबाईंना पुढे चालू दे, बाकीच्यांनी त्यांच्यामागे. त्या थांबतील तिथे थांबायचं. त्या थांबल्या म्हणजे तिथे बघण्यासारखं काहीतरी असतंच. नाहीतर बसण्यासारखं असतं.

जेवण लिटल इंडियात, केळीच्या पानावर, साडेबाराच्या आत. नंतर गर्दी होते. बाहेरच्या हातगाड्यांवर नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. भाज्यांतही बलाचान म्हणजे कोळंबीचं वाटण पडतं, चार क्वे तिओ नावाच्या नूडल्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, आणि आसाम लाक्सा हे सूप तर माशाचंच. चिनी बौद्धांची शाकाहारी खानावळ दिसली तर बिनधास्त शिरा. ते कांदा-लसूणही घालत नाहीत, तेव्हा सासूबाईंचा चातुर्मास सांभाळला जाईल. फक्त ताटात बदकासारखं दिसणारं काही आलं तर त्यांना आधीच सांगून ठेव की ते सोयाबीनचं आहे. आमच्या ग्रुपातल्या एक काकू नुसतं बघूनच उठल्या होत्या. चेंडोल मात्र घ्याच: नारळाचं दूध, माडाचा गूळ, बर्फ आणि तांदळाच्या हिरव्या शेवया. त्यात राजमा निघतो, दचकू नका.

आता महत्त्वाचं. जेवणानंतर फुटा. आपल्याकडे कुटुंब म्हटलं की पाचही जणांनी दिवसभर एकमेकांना चिकटून फिरायचं असं कुणी ठरवलंय, कळत नाही. एक जण दुकानात, चौघं बाहेर उन्हात. एकाला शू, चौघं खोळंबलेली. बंदरातला निम्मा वेळ एकमेकांची वाट बघण्यात जातो, आणि मग त्याची चिडचिड नेमकी जेवणाच्या टेबलावर निघते. निखिलरावांनी ग्रॅबची टॅक्सी बोलावून सासूबाईंना आणि अबीरला बोटीवर परत न्यावं. दुपारची बोट कधी पाहिली नाहीस तू. सगळे गावात गेलेले असतात, डेकवरच्या खुर्च्या मोकळ्या, पोहायच्या तलावात चार मुलं, चहावाला निवांत. आजी सावलीत, नातू पाण्यात, आणि निखिलरावांना एक तास कुणी काही विचारत नाही. त्यांना हे "वसूल" वाटणार नाही, पण त्याच तासाचे पैसे तुम्ही भरलेत.

तू आणि ओवी आर्मेनियन स्ट्रीटने उतरत चू जेटीला जा. वाटेत सायकलवरच्या दोन मुलांचं भिंतचित्र लागेल. भिंतीवर खरी सायकल ठोकून २०१२ साली एका लिथुआनियन चित्रकाराने ते काढलं. फोटोसाठी रांग असली तर रांगेचाच फोटो काढा आणि पुढे चला. चू जेटी म्हणजे समुद्रात खांब रोवून त्यावर बांधलेली लाकडी घरं, मधून फळ्यांची वाट. आपल्या कोकणातल्या वाडीसारखं, सगळी एका आडनावाची. चू लोकांची ही, लिम लोकांची एका बाजूची, टान लोकांची दुसऱ्या बाजूची. पूर्वी इथली माणसं बंदरात जहाजांचा माल चढवत-उतरवत. आता पुढच्या घरांत टी-शर्ट विकतात. पण मागच्या घरांत म्हाताऱ्या बायका दुपारी टीव्ही बघत बसलेल्या असतात, दार उघडं असतं, आणि आपले लोक त्या दारातून मोबाईल आत घालतात. ओवीला सांग, घरात डोकवायचं नाही; फळ्यांच्या फटींतून खाली पाणी बघ हवं तेवढं. टोकाला जाऊन बसा. तुम्ही दोघीच असं कधी बसलात शेवटचं, ते मला पत्रात कळव.

जायफळाची वाळवलेली साल किंवा पाकातली फोड दिसली तर एक पुडकं घे. कोकणात आपल्याकडेही जायफळाची झाडं आहेत, पण फळाचा गर बऱ्याचदा टाकूनच देतात. पिनांगचे लोक तो खातात, त्याचं सरबतही करतात. तुझ्या बाबाला दाखवायचंय मला. त्याच्या बागेत दरवर्षी कुजतो.

सासूबाईंना नमस्कार सांग, मुलांना गोड पापा. वेळापत्रक माझ्या नावावर फाडलंस तरी चालेल, निखिलरावांचा राग मी बघून घेईन.

तुझी,
आत्या

ता.क. सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते आजच बघ. बोटीवर चढलात की सिंगापूर सोडलंत, परतताना पुन्हा प्रवेश. आणि बोट फुकेतला लागेल तेव्हा मोबाईलचं घड्याळ आपोआप एक तास मागे जाईल, कारण थायलंड सिंगापूरच्या मागे आहे. बोटीचं घड्याळ सिंगापूरचंच राहिलं तर मोबाईलवर चार वाजलेले असताना बोटीवर पाच झालेले असतात. तिथे बोट धक्क्याला न लागता लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात, शेवटची होडी गेली की गेली. निखिलरावांच्या मनगटावर साधं हाताचं घड्याळ बांध आणि सिंगापूर सोडल्यावर त्याला हात लावू देऊ नकोस.