लाइट गेल्यावर कागदांची प्रत कशी तपासावी

मुळशीत, त्यातही ताम्हिणीच्या बाजूला, पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. घरातले जुने फेरफार, खरेदीखतं, 1921च्या मुळशी सत्याग्रहाची कात्रणं स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवली असतील, तर बाहेरच्या हार्डडिस्कवर त्यांची प्रत हवीच. त्यासाठी 1996पासून चालत आलेलं आरसिंक वापरा. पुढची अक्षरं टर्मिनलवर इंग्रजीत, स्मॉलमध्ये, आधी डॅश देऊन टाइप करायची.

1. आधी रंगीत तालीम. ए, एन, आय अशी तिन्ही अक्षरं द्या. 'एन'मुळे काहीच कॉपी होत नाही, 'आय'मुळे काय कॉपी होणार आणि का, ते दिसतं. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ हवी, नाहीतर फोल्डरात फोल्डर तयार होतो.

2. यादी वाचा. ओळीत 'एस' दिसला तर आकार बदललाय, 'टी' दिसला तर वेळ. एरवी आरसिंक एवढंच बघतं, फाइल उघडून वाचत नाही. म्हणून तर हजारो फाइली झटक्यात तपासून होतात.

3. सगळ्याच फाइलींपुढे 'टी' आला तर घाबरू नका. फॅट32चा पेनड्राइव्ह वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं नोंदवतो; 'मॉडिफाय-विंडो' एक सेकंद ठेवा. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर टाइमझोन चुकलाय, तो दुरुस्त करा.

4. यादी पटली की 'एन' काढून चालवा. 'ए' ठेवा, त्यानं वेळही कॉपी होते. ती झाली नाही, तर पुढच्या वेळी सगळं बदललेलंच दिसेल.

5. मध्येच लाइट गेली? आरसिंक फाइल आधी तात्पुरत्या नावानं लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं, त्यामुळे अर्धवट फाइल सहसा राहत नाही. खरा धोका वेगळा आहे. मजकूर मेमरीतून डिस्कवर उतरण्याआधीच वीज गेली, तर कधीकधी नाव, आकार, वेळ सगळं बरोबर आणि आत नुसती शून्यं! नेहमीच्या तपासणीत हे सापडत नाही. तेव्हा ए, एन, आयला 'सी' जोडा. आता दोन्हीकडच्या फाइली पूर्ण वाचल्या जातील. वेळ लागेल, रात्री लावून झोपा.

6. सकाळी ज्या ओळीत 'सी' आहे पण 'एस' आणि 'टी' नाहीत, ती फाइल दोन्हीकडे उघडून बघा. दोन्ही वेगळ्या आहेत एवढंच आरसिंकला कळतं. खरी कुठली, ते तुम्हीच ठरवायचं. मूळ फाइलच बिघडली असेल, तर तेवढी एक डिस्कवरून उलट आणा. तेव्हाही 'सी' द्यायला विसरू नका, नाहीतर आकार-वेळ सारखी बघून आरसिंक तिला हातही लावणार नाही.