चुळबुळणाऱ्या हातांसाठी विणलेला मफ

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे हात पुष्कळदा स्वस्थ बसत नाहीत. पदर चुरगाळतात, पांघरुणाचे दोरे उपसतात, दवाखान्यात सलाईनची नळी ओढतात. ते हात धरून ठेवू नयेत, त्यांना काम द्यावं. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत यासाठी ‘ट्विडल मफ’ वापरतात. दोन्ही तोंडं उघडी असलेली ही जाड विणलेली नळी असते आणि तिला चाळवायला बटणं, फिती लावलेल्या असतात.

सुया घेण्याआधी आठवा, या हातांनी जन्मभर काय केलं? वाती वळल्या, मटार सोलले, लेकींच्या वेण्या घातल्या, जपमाळ ओढली, की गिरणीत तुटलेला धागा सांधला? मफवर काय लावायचं ते यावरून ठरतं. लहान मुलांच्या खेळण्यासारखी चित्रं त्यावर नकोत. आजी-आजोबांचा मान त्यातही राहिला पाहिजे.

साहित्य: फोर प्लाय अ‍ॅक्रिलिक लोकर सुमारे 200 ग्रॅम, 6 नंबरच्या म्हणजे 5 मिलिमीटरच्या सुया, लोकर शिवायची बोथट सुई, मजबूत दोरा. खरी लोकर नाजूक कातडीला टोचते आणि गरम पाण्यात आटते. मुंबई-कोकणच्या घामट हवेत जाड सुती दोरा जास्त बरा.

दुहेरी धाग्याने 61 टाके घाला. घेर साधारण 15 इंच भरतो. वीण घट्ट ठेवा, सैल जाळीत बोट अडकतं. पहिले 11 इंच एक ओळ सुलट, एक ओळ उलट, असं साधं विणा. हा आतला अस्तराचा भाग.

पुढचे 11 इंच बाहेरचे. इथे दर पावणेतीन इंचांनी वीण आणि रंग बदला. रंग एकमेकांहून ठळक वेगळे घ्या, म्हणजे अधू नजरेलाही कळतील. पहिल्या पट्ट्यात सगळ्या ओळी सुलट विणा, आडव्या वळ्या उठतात. दुसऱ्यात दोन सुलट, दोन उलट आणि शेवटचा सुलट. नंतर प्रत्येक टाका दिसेल तसा विणा. तिसऱ्यात एक सुलट, एक उलट, प्रत्येक ओळ सुलटनेच सुरू करा. साबुदाण्यासारखे दाणे येतात.

चौथा पट्टा बोंडांचा. बोटं सर्वांत जास्त इथेच रमतात, म्हणून घाई नको. साध्या विणीत, सुलट बाजूने नऊ टाके विणा. दहाव्या टाक्यात सुलट, उलट, सुलट, उलट, सुलट असे पाच टाके काढा. काम फिरवून ते पाच उलट विणा, फिरवून सुलट, पुन्हा फिरवून उलट. परत फिरवा, पाचही उजव्या सुईवर घ्या आणि मागचे चार टाके एकेक करून पुढच्यावरून ओढून टाका. ओळीत सहा बोंडं बसतात, शेवटी एक टाका उरतो. मध्ये पाच ओळी सोडून पुढची रांग घाला. पट्टा भरला की टाके बंद करा.

आता, नळी शिवण्याआधीच, वस्तू लावा, म्हणजे गाठी दोन थरांत लपतात. जुन्या साडीच्या काठाची पट्टी, खणाचा तुकडा, मोठी बटणं आणि काजं असलेली पट्टी, बोटभर लांबीची लोकरीची वेणी. जरीची कड दुमडून शिवा. काच, लोहचुंबक, टोकदार धातू अजिबात नको. लांब नाडी आणि मोठे फासही नकोत. घुंगरू हवंच असेल तर चारी बाजूंनी शिवून बंद केलेल्या कापडी खिशात ठेवा. काही माणसं हाती येईल ते तोंडात घालतात. त्यांच्यासाठी फक्त वीण आणि कापड ठेवा, बटणंसुद्धा गाळा.

लांब कडा जोडून नळी करा, सुलट बाजू बाहेर. साधा अर्धा भाग आत ढकला, दोन तोंडं जुळवून शिवा. मऊ बाजू आपोआप हाताला लागते. मग प्रत्येक वस्तू जोर लावून ओढून पाहा. हलली तर पुन्हा शिवा.

मफ मांडीवर ठेवा, हात बळेच आत घालू नका. दुसऱ्या तोंडातून तुमचा हात घाला, बहुतेकदा तेवढं पुरतं. एक मफ एकाच माणसाचा. जाळीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात धुवा, सावलीत आडवा वाळवा, आणि दर धुण्यानंतर टाके तपासा.