टीडी झाली, मग डांग्याचं काय?

मेहकर तालुक्यातलं गाव. उपकेंद्रातून निवृत्त झालेली सिस्टर आत्या आणि पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली भाची.

भाची : टीडीच्या दोन्ही सुया झाल्या, आत्या. आता आणखी कोणती?

आत्या : आण ते कार्ड. हे पाय, टीडी म्हंजे धनुर्वात अन् घटसर्प. २०१९ च्या आधी नुसती टीटी द्याचो. डांग्या खोकला दोन्हीत नाई. त्याच्यासाठी टीडॅप. टीडी झाली असली तरी घेता येते.

भाची : पण डांग्यासाठी बाळाला पेंटा लस देणारच ना?

आत्या : देतीन, पण पहिला डोस सहाव्या आठवड्यात. मग दहाव्या, चौदाव्या. एका डोसानं पुरतं भागतही नाई. तवरक लेकरू उघडं. मोठ्या पोराले ढास लागली का आवाज तरी येते. तान्ह्याले खोकायचीबी ताकद नसते; श्वास थांबते, ओठ निळे पडतात. घरच्यांले वाटते, झोपलं.

भाची : लसीनं पोटातल्या बाळाला काही होणार नाही ना?

आत्या : याच्यात जिवंत जंतू नाई, जंतूचे शुद्ध केलेले तुकडे. तुह्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात अन् वारेतून लेकराच्या अंगात उतरतात. त्याले दोनेक आठवडे लागतात, म्हणून २७ ते ३६ व्या आठवड्यात घ्याची. ब्रिटनमधी २०१२ साली साथ आली, १४ तान्ही लेकरं गेली. त्याच ऑक्टोबरात तिथं गरोदर बायकाइले लस सुरू केली. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची फॉग्सी संघटनाबी हेच सांगते.

भाची : ते पटलं. पण बाळाला? सासूबाई म्हणतात, पोटुशीनं जास्त सुया घेऊ नयेत.

आत्या : त्याच सासूबाई बारशाले गाव बोलावतीन! लेकरू या हातातून त्या हातात. त्यात एखादीचा महिनाभराचा खोकला म्हंजे डांग्या असू शकते, तिले स्वतःले पत्ता नसते. डोहाळजेवणाले मंडप घालतात, अन् हजाराच्या वरची लस म्हटली का तोंड वाकडं. पण सोयाबीन काढाले जाणारीनं पैसे कुठून आणाचे? सरकारी यादीत टीडॅप नाई, हे मले खटकते. उपकेंद्रात फुकट भेटाले पाहिजे. नोकरीत असताना प्रत्येक बैठकीत बोललो, कोणी ऐकलं नाई.

भाची : आत्या, बाळाला...

आत्या : पुन्हा तेच! बरं, ऐक. जगभर लाखो बायकाइनं घेतली. त्यानं अवेळी बाळंतपण किंवा लेकरात व्यंग वाढल्याचं दिसलं नाई. तुहा दंड दुखीन, एखादा दिवस अंग कणकण करीन. आधी कोणत्या लसीची जोरदार रिॲक्शन आली असन तं डॉक्टरले सांग.

भाची : आणि पुढच्या खेपेला?

आत्या : पुन्हा घ्याची. प्रतिपिंडं कमी होत जातात. आता कितवा आठवडा?

भाची : एकोणतिसावा. दादाला सांगते, मेडिकलमधून आणून ठेव.

आत्या : खबरदार! लस २ ते ८ अंशांत राहाले पाहिजे. उन्हात डिक्कीत घालून आणलेली काय कामाची? आमी बर्फाच्या पेटीतून उपकेंद्रात न्याचो, झाकण उगाच उघडलं तरी जीव खालवर व्हायचा. मेहकरच्या दवाखान्यात फोन लाव. त्यांच्याच फ्रिजात आहे का विचार, अन् तिथंच घे.

भाची : आणि सासूबाई?

आत्या : त्यांचा नंबर मले दे.