गाडी ओढत नाही

वाहनाची दुरुस्ती हा तंत्रशाळेचा विषय. तो भाषेच्या पुस्तकात कशासाठी, असा प्रश्न काही विद्यार्थ्यांना पडेल. बिघाड शोधणारा मेस्त्री हातात पाना घेण्यापूर्वी दोन कामे करीत असतो. तो चालकाचे म्हणणे ऐकतो आणि गाडीने स्वतः नोंदवून ठेवलेली खूण वाचतो. ऐकण्यात किंवा वाचण्यात चूक झाली, की पुढची मेहनत आणि पैसा दोन्ही वाया जातात. ती चूक कशी होते, हे या पाठात पाहावयाचे आहे.

चेन्नई शहरात एग्मोर स्थानकाच्या जवळ, कूवम नदीच्या काठी, पुदुपेट नावाची वस्ती आहे. मोटारींच्या कारखान्यांमुळे चेन्नईला ‘भारताचे डेट्रॉइट’ म्हणतात. पण नव्या गाड्या बनविणारे हे शहर जुन्या गाड्या जगविणारेही आहे, आणि ते काम पुदुपेटच्या दाटीवाटीच्या दुकानांत चालते. तेथे गाड्यांचे जुने सुटे भाग मिळतात. पुढील प्रसंग अशाच भागातील एका गॅरेजात घडला, अशी कल्पना करा.

सन २०१४ मध्ये तयार झालेली, चारही चाकांना शक्ती पुरविणारी एक डिझेल जीप गॅरेजात आली आहे. मालक स्वतःच चालक असून पर्यटकांना नामक्कल जिल्ह्यातील कोल्ली डोंगरावर नेणे हा त्याचा व्यवसाय. त्या घाटात ७० तीव्र वळणे आहेत. चेन्नईच्या सपाट रस्त्यांवर गाडी निर्धोक चालते. घाटात मात्र सहा प्रवासी बसलेले असताना एकाएकी तिचे बळ जाते, समोरच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि मागून काळा धूर निघतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली, की ती काही वेळ ठीक चालते. दोन वळणांनंतर पुन्हा तेच.

चालक एवढे सगळे सांगत नाही. तो म्हणतो, ‘वंडी इळुक्कविल्लै’. म्हणजे ‘गाडी ओढत नाही’. मराठी चालकही हेच शब्द वापरतो, किंवा ‘पिकअप गेला’ म्हणतो. ‘वंडी’ या शब्दावरून विदर्भातील ‘बंडी’ आठवावी, आणि ओढण्याची भाषा तर उघडच बैलांची. हे वाक्य बोलके आहे, पण अपुरे आहे. केव्हा ओढत नाही? चढावर की सपाटीवर? भार असताना की रिकामी? कोणत्या गिअरमध्ये? धूर कोणत्या रंगाचा? चांगला मेस्त्री हे प्रश्न आधी विचारतो.

या चालकाला आधीच्या एका गॅरेजात कोणी असे प्रश्न विचारले नव्हते. तेथे स्कॅनर जोडला गेला, पडद्यावर ‘पी ०२९९’ असा कोड उमटला आणि हवेच्या दाबाचा सेन्सर खराब असल्याचे सांगण्यात आले. जुना सेन्सर विकत घेऊन बसविला, कोड पुसला, दिवा विझला. पुढच्याच फेरीत भरलेली गाडी चढावरच्या वळणावर मंदावली आणि मागून लॉरी येत होती. पैसे गेले ते गेलेच, शिवाय सहा माणसांचा जीव टांगणीला लागला.

मग तो कोड खोटा होता काय? मुळीच नाही. तो नीट वाचला गेला नाही. या कोडमधील ‘पी’ हे अक्षर इंजिन व गिअर यांच्या शक्तिव्यवस्थेसाठी आहे. पुढील शून्य सांगते, की हा कोड सर्व कंपन्यांना समान आहे. तेथे एक असता, तर तो त्या कंपनीचा स्वतःचा ठरला असता. तिसऱ्या स्थानावरील दोन हा अंक इंधन व हवेच्या पुरवठ्याकडे बोट दाखवितो. संपूर्ण कोडचा अर्थ एवढाच, की टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडला. सेन्सर बिघडल्याचे त्यात कोठेही म्हटलेले नाही. कमी दाब कळविणाऱ्यालाच दोषी धरणे म्हणजे ताप दाखविला म्हणून थर्मामीटर फेकून देणे होय. कोड ही साक्ष आहे. निकाल मेस्त्रीने द्यावयाचा असतो.

टर्बो म्हणजे काय, हे येथे थोडक्यात समजून घेऊ. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवितो. त्याच दांड्यावरील दुसरे चाक बाहेरची हवा ओढून दाबाने इंजिनात ढकलते. हवा जास्त, तर जास्त डिझेल जळू शकते आणि ताकद वाढते. वाटेत हवा मोजणारे दोन पहारेकरी असतात. एक प्रवेशद्वाराशी, एअर फिल्टरनंतर, आत किती हवा शिरली ते मोजतो. दुसरा इंजिनाच्या तोंडाशी दाब मोजतो. हिशेब बिघडला, की गाडीतील संगणक इंजिनाला इजा होऊ नये म्हणून डिझेल कमी करतो. घाटात बळ गेले ते यामुळे, आणि गाडी बंद करून चालू केल्यावर परतले तेही यामुळेच.

नवा मेस्त्री प्रथम दाबाच्या सेन्सरची परीक्षा घेतो, आणि तीही फुकट. किल्ली फिरवायची, पण इंजिन चालू करायचे नाही. अशा वेळी सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखविला पाहिजे. चेन्नई समुद्रसपाटीला असल्याने तो आकडा सुमारे १०१ किलोपास्कल हवा. (हीच गाडी महाबळेश्वरी असती, तर तो ८६ च्या आसपास आणि उटीला ७७ च्या आसपास आला असता, तेथे १०१ दिसणे हाच दोष ठरला असता.) पडद्यावर १०१ येतो. म्हणजे सेन्सर खरे बोलतो आहे.

मग भार घालून गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली जाते. चालकाचे लक्ष रस्त्यावर, स्कॅनर शेजारी बसलेल्या मेस्त्रीच्या हातात. प्रवेशद्वारावरील मापक भरपूर हवा आत गेल्याचे सांगतो, इंजिनाच्या तोंडाशी मात्र दाब अपुरा. जितके पाणी टाकीतून सुटले तितके नळाला आले नाही, तर गळती मधल्या नळात शोधावी; येथेही तसेच. काळ्या धुराचा उलगडाही होतो. संगणकाने आत शिरलेली हवा मोजून तितके डिझेल दिले, पण हवा वाटेतच निसटली आणि डिझेल अर्धवट जळाले.

टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या खालच्या अंगाला, क्लिपजवळ, तेलकट डाग दिसतो. नळी वाकवून पाहिली तर बोटभर चीर. इंजिन नुसते चालू असताना ती मिटलेली राही. चढावर दाब वाढला, की ओठांसारखी उघडे. नळी व क्लिप बदलली गेली. जुना सेन्सर मालकाने फेकला नव्हता, तो तपासून डब्यात जपून ठेवण्यास सांगितले.

सेन्सर कधीच बिघडत नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. किनाऱ्यावरील खारट हवेने जोडांच्या पितळी पिना हिरव्या पडतात. डिसेंबर २०१५ च्या पुरात शहरातील असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि असे भिजलेले वायरिंग पुढे कित्येक महिन्यांनीही दगा देऊ शकते. तपासाची एक सोपी रीत अशी: रात्रभर थांबलेल्या गाडीत सकाळी शीतक पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. चेन्नईच्या सकाळी त्यांपैकी एक उणे ४० अंश दाखवीत असेल, तर बहुधा तार तुटली आहे किंवा जोड सुटला आहे. तेव्हाही आधी जोड पाहावा, मग सेन्सर.

भारतात चारचाकी गाड्यांना स्वतःचे दोष नोंदविणारी ही यंत्रणा एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तिचे अधिक सविस्तर रूप एप्रिल २०१३ मध्ये आले. त्याहून जुन्या काही गाड्यांत दिव्याची उघडझाप मोजून कोड ओळखावा लागतो. साध्या यांत्रिक पंपाच्या जीपला तर कोडच नसतो. तेथे धूर हीच लिपी: काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे.

आपल्या जीपचा कोड पुसून ती तेवढ्याच भाराने पुन्हा चालविली गेली. दिवा लागला नाही. तरी मेस्त्रीने पैसे घेताना चालकाला एक कागद दिला आणि पुढच्या घाटात दिवा लागलाच, तर वेळ, गिअर, वेग आणि धुराचा रंग त्यावर लिहून आणण्यास सांगितले.

पाठगत प्रश्न

१. ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार मेस्त्रीला उपयोगी पडेल अशा चार वाक्यांत पुन्हा लिहा.
२. दोन्ही मापकांनी हवा कमी दाखविली असती, तर मेस्त्रीने बिघाड प्रथम कोठे शोधला असता? कारण द्या.
३. ‘साक्ष’ आणि ‘निकाल’ या शब्दांतील फरक पाठाबाहेरील एका उदाहरणाने स्पष्ट करा.