नजरेआडचे काम आणि अधिकाऱ्याची जबाबदारी

रावेर तालुक्याच्या दक्षिणेस तापी नदी व उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत. तापीकाठची केळीच्या पट्ट्यातील गावे आणि पाल परिसरातील डोंगराळ वस्त्या एकाच पंचायत समितीच्या कार्यक्षेत्रात येतात. १ मे १९६२ रोजी राज्यात पंचायत राज्य सुरू झाले, तेव्हापासून गटविकास अधिकारी तालुक्याच्या गावी आणि त्यांचे सहकारी गावोगावी, अशीच कामाची रचना आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शासकीय कार्यालयांतील उपस्थिती पाच टक्क्यांवर आणावी लागली आणि शहरांतील अधिकाऱ्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. समोर नसलेल्या सहकाऱ्यांचे नेतृत्व कसे करावयाचे?

हजेरी नव्हे, काम

हजेरीवरून माणूस जागेवर होता एवढेच कळते. म्हणून काम नेमके सांगावे. ‘पाणीपुरवठ्याकडे लक्ष द्या’ हा आदेश मोघम होय. ‘शनिवारपर्यंत पिण्याच्या पाण्याच्या सर्व विहिरींत टी.सी.एल. पावडर टाकून वहीत नोंद करावी’ असे सांगितले, तर काम करणाऱ्यास व तपासणाऱ्यासही ते स्पष्ट होते.

ध्येय वरून, मार्ग गावातून

२०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम राज्यात राबविण्यात आला. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता, तेथील मुलांसाठी अनेक शिक्षक वस्तीवर गेले व अंतर राखून शिकवू लागले. काय साधावयाचे हे अधिकाऱ्याने ठरवावे. कसे साधावयाचे याची मोकळीक जागेवरील माणसास द्यावी, हा त्यातील धडा आहे.

दूरच्यावर अन्याय नको

व्हॉट्सॲपच्या गटावर तत्काळ छायाचित्र पाठविणारा कर्मचारी कार्यक्षम वाटतो. डोंगरातील कर्मचाऱ्यास रेंज मिळत नाही. त्याचे काम पूर्ण असूनही निरोप उशिरा येतो. गोपनीय अहवाल लिहिताना हा फरक ध्यानात घेतला नाही, तर कष्टाळू माणसाच्या नावापुढे कामचुकारपणाचा शेरा लागतो. संपर्काचा वार व वेळ ठरलेली असावी, महत्त्वाचा आदेश लेखी द्यावा आणि आढावा बैठकीत दुर्गम गावच्या कर्मचाऱ्यास प्रथम बोलू द्यावे.

भेटीचा हेतू

दूरध्वनी आला म्हणून दौरा टळत नाही. मात्र तो चूक पकडण्यासाठी नसून अडचण दूर करण्यासाठी आहे, हे सहकाऱ्यांना जाणवले पाहिजे. अडचण सांगितल्यास ठपका येणार नाही, असा विश्वास असेल तरच खरी माहिती वर पोहोचते. ही माहिती वेळेवर मिळाली नाही, तर त्याची किंमत वस्तीवरील लोकांना मोजावी लागते. सरपंच व पंचायत सदस्यांनीही आपल्या गावच्या कर्मचाऱ्यास हाच निकष लावावा: तो कार्यालयात किती वेळ दिसला यापेक्षा गावाचे कोणते काम झाले, हे पाहावे.